जोड दिसता कामा नये

लोक सुट्टीत महाबळेश्वरला जातात. मी पनवेलला गेले, तेही लोखंड बघायला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. एक्स्प्रेसवे नव्हता, पुण्याहून एसटीने घाट उतरायचा. घाटाआधी वडा खाऊ नका. मी खाल्ला आणि पुढचं सृष्टिसौंदर्य डोळे मिटून पाहिलं.

खांदा कॉलनीत माझा मामा राहायचा. जन्मभर एकाच कारखान्यात वेल्डर. कारखाना बंद पडला, जागेवर इमारती उठल्या, आणि बिल्डरने चौकात पोलादाचं अमूर्त शिल्प उभं केलं. कल्पना शिल्पकाराची, वेल्डिंग मामाचं. दोन वर्षं तो मामीला म्हणत होता, "एकदा बघायला चल." मामी घरी ब्लाउज शिवायची. तिचं उत्तर ठरलेलं, "लोखंड काय बघायचं? खिडकीला गज आहेत की." आता घरी पाहुणी आली म्हटल्यावर तिचा नाइलाज झाला.

सकाळी लवकर जा. नंतर पोलाद इतकं तापतं की कलेला हात लावता येत नाही. दर्शन फुकट आहे, रिक्षा मात्र मीटरने येत नाही. रिक्षावाल्याला 'शिल्प' म्हणू नका, 'वाकडा पत्रा' म्हणा, बरोब्बर नेतो.

पाटीवर नाव होतं 'आकांक्षा'. खाली शिल्पकार, बिल्डर आणि उद्घाटक मंत्री. मामापुरती जागा उरली नसावी. सावलीत एक बाई सुकट विकत बसली होती. मामीने तिला विचारलं, "हे काय आहे हो?"

"आमाला नाय म्हाईत. पन सावली बरी हाय."

इतकी नेमकी समीक्षा मी पुढे कुठे वाचली नाही.

"किती गुळगुळीत झालंय," मी म्हणाले. मामाचा चेहरा पडला.

"तेच तर. जोड दिसता कामा नये, असा शिल्पकारसाहेबांचा हुकूम. माझं सगळं काम मीच घासून टाकलं." मग मामीकडे बघत म्हणाला, "एक जोड ठेवलाय. खालच्या अंगाला. वाकावं लागेल."

मी वाकले. बारीक खवल्यांची एक रेघ दिसली. "वा," म्हणाले. मामाचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. मामीने पदर खोचला, चांगल्या साडीनिशी मातीत बसली आणि मान आत घातली. शिवण तपासताना फिरवते तसं बोट त्या रेघेवरून फिरवत राहिली. मामा त्या बोटाकडे बघत उभा. मला त्याची फार दया आली.

"टाके एकसारखे आलेत," मामी उठत म्हणाली. "चला, दूध तापवायचंय."

'आकांक्षा'चा अर्थ मला आजतागायत लागलेला नाही. पुण्याला पोचल्याचं कळवायला त्यांच्या शेजाऱ्यांकडे फोन केला, तर मामाच धावत आला. प्रवास कसा झाला, हे विचारायचं राहूनच गेलं. आवाज खाली आणून म्हणाला, "एकसारखे म्हणाली ना गं ती? तूही ऐकलंस ना?"