इस्रायलला न गेलेला माणूस

सीवूड्सची आमची मशीद कशी उभी राहिली, हे सांगताना मी दर वेळी एका माणसाला इस्रायलला पाठवायचो. तो गेलाच नव्हता.

सुरुवातीला भाड्याचा गाळा होता. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, प्रार्थनालयाला मशीदच म्हणत आलोय, म्हणून गाळाही मशीद. दहा पुरुष जमल्याशिवाय पूर्ण प्रार्थना होत नाही, आणि दहावा हमखास तो. कामोठ्याहून दोन रिक्षा बदलून यायचा.

पुढे स्वतःची जागा झाली. तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, ठेवायचं कपाट, हेखाल, बसवलं. पहिल्या शाबाथला, शुक्रवार संध्याकाळच्या प्रार्थनेला, गर्दी झाली. मनुकांच्या सरबताचा पेला हातोहात फिरत होता. त्याच्यापाशी आल्यावर मी तो थांबवला आणि त्याला वेगळ्या फुलपात्रात सरबत ओतून दिलं. त्याची आजी बाहेरच्या जातीतली, म्हणून गावात त्यांना ‘काळे इस्रायल’ म्हणायचे. त्यांचे ओठ पेल्याला लागू द्यायचे नाहीत, हे मी वडिलांचं बघितलेलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. हात आपणहून गेला.

त्याने फुलपात्र तसंच खाली ठेवलं, सगळ्यांना ‘शाबाथ शालोम’ म्हणाला आणि चपला घातल्या. पुन्हा आला नाही. कुणी विचारलं की मी म्हणायचो, इस्रायलला गेला. आमच्यात या उत्तरावर पुढचा प्रश्न येत नाही.

मग खरोखरच एकेक घर तिकडे गेलं. आता आम्ही नऊ उरलोय. तोरा हेखालातून बाहेर निघत नाही. मला घरात बसवेना. शेवटी कामोठ्याला गेलो.

दार त्यानेच उघडलं. पाणी दिलं. दहावा माणूस हवाय, असं मी कसंबसं म्हणालो.

“म्हणजे परत येऊ म्हणतोस?” तो हसला. “तिकीट कोण काढणार?”

त्याला इस्रायलचं सगळं ठाऊक होतं.

“मी इथेच होतो, हे आधी त्यांना सांग,” तो म्हणाला. “मग बघू.”

गेल्या शाबाथला उभं राहून सांगितलं. पेल्याचंही. आमचा हजान, प्रार्थना म्हणणारा, माझ्या मुलाच्या वयाचा आहे. तो म्हणाला, “काका, ते कामोठ्यात, आणि आपण इथे नऊ जण बसतोय?”

पुढच्या वेळी पेला त्याच्यापासून सुरू करू, असं मी सुचवलं.

“ते तुम्ही ठरवू नका. आले तर त्यांना विचारू.”

आज शुक्रवार. सगळ्यांना सांगितल्याचं त्याला कळवलंय. मनुका मीच भिजत घातल्यात. उगाच उठतो, झाकण काढतो, बघतो.