ही कचेरी गोल हाये

आमची जुनी कचेरी पाडली त्या दिवशी अर्धं गाव चहा घेऊन बघायला उभं होतं. जेसीबी एकेक भिंत पाडत होता आणि लोक आठवणी काढत होते. कुणाचं शेत तिथं त्याच्या नावावर चढलं होतं. कुणाच्या नव्या चपला तिथल्या पायरीवरून गेल्या होत्या आणि तो अजूनही गर्दीतल्या प्रत्येकाच्या पायांकडे संशयानं बघत होता. एक आजी म्हणाली, "माया लग्नाच्या आदल्या दिवशी मामंजी इथंच बसून होते, रॉकेलच्या परमिटसाठी." पानठेलेवाला माझ्याकडे वळला. "बाबूजी, तुमी तं जिंदगी काढली इथं. बोला न काही."

मी म्हणालो, "धूळ फार आहे."

धूळ होतीच. पण खरं कारण असं की त्या इमारतीची माझ्याजवळची सगळ्यात पक्की आठवण म्हणजे माझीच फजिती, आणि ती चारचौघांत सांगायची हिंमत नव्हती. लिहायला हरकत नाही. लिहिताना समोर कुणी हसत नाही.

तहसील कचेरी इंग्रजांच्या काळातली. कवेलूचं छप्पर, सागवानी खांब, मधे मोकळा चौक आणि चारही बाजूंनी फिरणारा व्हरांडा. लोकांसाठी नऊ खिडक्या, सगळ्या व्हरांड्यात उघडणाऱ्या. पहिल्या खिडकीपासून निघून डावीकडे चालत राहिलं की दुसरी, तिसरी असं करत नववी लागायची, आणि नववीनंतर कोपरा वळला की पुन्हा पहिली. बांधणाऱ्यानं हवा खेळावी म्हणून असं केलं असेल. आम्ही बाबू लोकांनी त्याचा वेगळा उपयोग केला.

मी नोकरीला लागलो तेव्हा ओठावर मिशी नुकतीच आली होती आणि डोक्यात हवा तिच्याही आधी. आमचं घर भाजीवाल्या शेतकऱ्याचं. घराण्यात खुर्चीवर बसणारा पहिला मीच. पहिल्या दिवशी मला पहिली खिडकी मिळाली. वर पाटी होती: 'चौकशी'. बदलून गेलेल्या बाबूनं चार्जची लांबलचक यादी पुढे ठेवली. ती न वाचता मी खाली झोकदार सही ठोकली. इतकी झोकदार की शेवटचं अक्षर टेबलावर गेलं.

आमचे बडेबाबू, म्हणजे सगळ्यात जुने कारकून, जवळ येऊन कानात म्हणाले, "हे पाहा, सुरवातीले काही समजत नाई. समजलं नाई का म्हनाचं, पुढच्या खिडकीत. आपोआप समजते मंग."

"मला की त्यांना?"

"कोनाले तरी समजतेच न."

हा मंत्र मी दोन दिवस इतक्या भक्तीनं म्हटला की घरी आईनं मीठ मागितलं तेव्हाही तोंडातून तेच निघणार होतं. खुर्चीवर बसलं की माझी भाषाही बदलायची. घरी 'मले-तुले' करणारा मी खिडकीत एकदम पुण्याचा व्हायचो.

तिसऱ्या दिवशी सकाळी कचेरी उघडल्या उघडल्या एक शेतकरी आले, सोबत त्यांची मुलगी. बापाच्या खांद्यावर दुपट्टा, मुलीच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली मार्कशीट.

"बाबू, रहिवासी दाखला पाह्यजे होता. आठ दिवस झाले अर्ज देऊन. पोरीचा मास्तरकीच्या कॉलेजात नंबर लागला वर्ध्याले. आज पाच वाजेपावतर दाखला नेऊन नाई देल्ला तं नंबर जाते."

"ही चौकशीची खिडकी आहे, काका," मी गोडव्यानं म्हणालो. "दाखल्यांसाठी पुढच्या खिडकीत विचारावं."

गेले बिचारे. अर्ध्या तासानं उजव्या बाजूनं परत आले.

"बाबू, दाखला..."

"काका, मी तुम्हाला पुढच्या खिडकीत जायला सांगितलं. तुम्ही मागच्या खिडकीकडून येताय!"

"पुढं पुढंच गेलतो बाबू."

"मग अजून पुढे जा. नीट विचारा. सरकारी काम आहे, धीर धरावा लागतो." हे सांगताना मी टेबलावर कोपर टेकवून, बोटं जुळवून बसलो होतो, एवढं मला चांगलं आठवतं. आठवू नये म्हणून पुष्कळ प्रयत्न केले.

दुसऱ्या चकरेला दीड तास लागला, कारण चौथ्या खिडकीतला बाबू चहाला गेला होता आणि सातवीतल्यानं त्यांना स्वतःच्या भाच्यासाठी स्थळ विचारलं. या वेळी बाप मागे उभा राहिला आणि मुलगी पुढे आली.

"बाबू, ही कचेरी गोल हाये."

"चौकोनी आहे," मी दुरुस्ती केली.

"असंन चौकोनी. आमी दोन डाव फिरलो, दोनई डाव तुमीच भेटले. आता नवव्या खिडकीवाले म्हनते, दाखल्याचा टेबल पह्यल्या खिडकीत हाये. दाखल्याच्या खोलीतलं छप्पर गयते म्हून मागच्या पावसायातच इकडं हलवला. समद्या कचेरीले मालूम हाये म्हनते."

समद्या कचेरीत मी येत नव्हतो.

"असं कसं होईल," म्हणत मी हसत हसत खालचा खण ओढला. खणात दाखल्यांची नोंदवही, गोल शिक्का, शाईचा पॅड आणि त्यावर माझा जेवणाचा डबा. डब्याखाली एक कागद. त्या मुलीचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव, सगळं सुवाच्य अक्षरात भरलेलं. जुन्या बाबूनं जाण्याआधी दाखला तयार करून ठेवला होता. फक्त साहेबांची सही आणि शिक्का बाकी. बरोबर मधोमध माझ्या डब्यातल्या वांग्याच्या भाजीच्या तेलाचा, पूर्ण चंद्रासारखा डाग.

माझं पुणं तिथंच संपलं. "अरे बाप्पा," मी म्हणालो, "आता कसं कराचं?"

घड्याळात साडेबारा. साहेब सकाळीच जाम गावाला गेले होते, हायवेवरच्या टपऱ्यांच्या मोजणीला. नायब साहेब रजेवर. मी बडेबाबूंकडे पळालो.

"उद्या येजो म्हना त्याइले."

"उद्या नंबर जाते तिचा!"

बडेबाबूंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मंग जा जामले. सही घेऊन ये. पन शिक्का बाहेर न्याचा नाई, सांगून ठेवतो. शिक्का म्हंजे कचेरीची अब्रू."

मी विचार केला. जामला सही घ्यायची, परत इथं येऊन शिक्का मारायचा आणि मग वर्धा गाठायचं, तर पाचच काय, सात वाजले असते. मी मान डोलावली, टेबलावर आलो आणि कचेरीची अब्रू गुपचूप शर्टाच्या खिशात घातली. सोबत शाईचा पॅडही. शर्ट पांढरा होता. नवीन नोकरीसाठी खास शिवलेला.

स्टँडवर एक काळीपिवळी जीप भरून उभी होती, म्हणजे तिच्यात अजून सहा जण मावणार होते. मी दारातल्या माणसाच्या मांडीवर आणि ड्रायव्हरच्या कोपराखाली बसलो. मुलगी एका बाईच्या कोंबड्यांच्या टोपलीजवळ. बाप मागच्या पायरीवर लटकलेला. वाटेत एकदा मुलगी ओरडली, "बाबू, तुमच्या छातीतून काही निंगून राह्यलं!"

पॅडचं झाकण उघडलं होतं. खिशापासून पोटापर्यंत जांभळा ओघळ उतरत होता. मांडीवाला गृहस्थ घाबरून म्हणाला, "भाऊ, दवाखान्यात घेऊ का गाडी?"

"रक्त नाही, शाई आहे."

"सरकारी हाये का तुमी?" त्यानं विचारलं आणि निर्धास्त झाला.

जामच्या चौकात साहेब एका टपरीवर आलूबोंडा खात उभे होते. एक ट्रक संत्री उतरवत होता, मोजणीची टेप रस्त्यावर तशीच पडली होती. मी धापा टाकत समोर गेलो.

"आपण?"

"सर, मी आपला नवीन लिपिक."

"कधी हजर झालात?"

"परवा, सर."

"आणि आज जामला?" त्यांची नजर माझ्या छातीवर आली. "हे काय झालं?"

मी सांगायला तोंड उघडलं, पण मुलगीच बोलली. अर्ज कधी दिला, नंबर कुठं लागला, पाचची वेळ, सगळं चार वाक्यांत. मला फार भीती होती की पाचवं वाक्य खिडक्यांचं येईल. आलं नाही. साहेबांनी बोटं पुसली, कागद जीपच्या बॉनेटवर ठेवला, सही केली.

"आता कचेरीत जाऊन शिक्का..."

मी ऐटीत खिशातून शिक्का काढला.

"शिक्का कचेरीबाहेर आणला तुम्ही?"

"म्हणजे सर, तो माझ्यासोबत आला."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. तेवढी संमती पुरेशी मानून मी शिक्का पोटावरच्या ओल्या शाईत टेकवला, पॅड तर कोरडाच पडला होता, आणि दाणकन कागदावर मारला. इतका ठसठशीत शिक्का त्या कचेरीच्या इतिहासात उमटला नसेल.

वर्ध्याच्या बसमध्ये मुलगी दाखला मांडीवर ठेवून बघत होती. बराच वेळ बघत होती.

"बाबू, शिक्क्याचे पाय वरते हायेत."

खरंच. सगळी अक्षरं उलटी. मी झटकन शिक्का काढला. "थांब, बाजूला एक सरळ मारून देतो."

तिनं माझ्या हातातून शिक्का काढून घेतला आणि मार्कशीटच्या पिशवीत टाकला. "राहू द्या. आता एक चूक हाये. मंग दोन होतीन."

काका खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांच्या ओठांची हालचाल मला दिसत होती. देवाचं नाव घेत होते की माझं, विचारलं नाही.

कॉलेजच्या खिडकीत पोहोचलो तेव्हा पाचला दहा मिनिटं कमी होती. आत जाड चष्म्याचे एक बाबू. खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभं राहायची माझी ती पहिलीच वेळ, आणि तिथून बाबू केवढा मोठा दिसतो ते मला तेव्हा कळलं. त्यांनी दाखला वाचला, गोल फिरवला, पुन्हा फिरवला.

"हा शिक्का उलटा आहे."

"त्याचं असं आहे साहेब, म्हणजे गाडीचं बॉनेट जे असतं..." माझी भाषा अर्धी पुण्यात, अर्धी वर्ध्यात अडकली.

मुलगी पुढे झाली. "शिक्का उलटा हाये सर. आमी तं त्या गावात सरयच राह्यतो."

मागची रांग खुसखुसली. बाबू हसले नाहीत. त्यांनी कागद उजेडात धरला. "आणि हा डाग?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. आता लपायला जागा नव्हती.

"माझा आहे," मी म्हणालो. "वांग्याची भाजी. दाखला तयार होता साहेब. माझ्याच खणात, माझ्याच डब्याखाली. यांना मी सकाळपासून फिरवलं. चूक असेल तर माझी लिहा, तिचा नंबर नका घालवू."

बाबूंनी माझा जांभळा शर्ट वरपासून खालपर्यंत वाचला. मग चष्मा काढला आणि खांदे हलेपर्यंत हसले. "मी लागलो तेव्हा पहिल्या आठवड्यात अख्खी हजेरीवही चहात बुडवली होती," ते म्हणाले आणि रजिस्टर ओढून तिचं नाव लिहायला लागले. नाव लिहून होईस्तोवर आम्ही तिघंही श्वास धरून उभे होतो. शेवटचं अक्षर पूर्ण झालं तेव्हा बापानं एवढा मोठा निःश्वास टाकला की खिडकीतले कागद हलले.

बाहेर येऊन काका ओट्यावर बसले, दुपट्ट्यानं तोंड पुसलं. मी म्हणालो, "काका, माफ करा. ती खिडकी..."

"तुमचीच होती. मले पह्यल्याच चकरीत शंका आलती."

"मंग बोलले काऊन नाई?"

"नवा बैल जुवाखाली आला का दोन दिवस मान झटकतेच. मारून काही होत नाई. थांबा लागते."

"बाबा थांबले," मुलगी म्हणाली, "मी नाई थांबनार. मी मास्तरीन झाली का पोराइले सांगीन हे समदं. शाईसकट." आणि शिक्का माझ्या हातात देताना ती इतकी हसली की मलाही हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी मला मेमो मिळाला. अर्धा दिवस कचेरीत शिक्काच नव्हता आणि लोक नऊ खिडक्या फिरून फिरून भोवंडून गेले होते. साहेबांनी खुलासा मागितला. मी चार पानं लिहिली. त्यांनी खाली शेरा मारला, 'वाचला. यापुढे शर्ट रंगीत वापरावा.'

मुलीनं शब्द पाळला. ती शिक्षिका झाली, बदल्या होत होत आमच्याच गावच्या शाळेत आली आणि आता मुख्याध्यापिका आहे. कचेरी पाडली तरी तिच्या शाळेच्या मैदानात तीच कचेरी रोज मधल्या सुट्टीत उभी राहते: चुन्याचा चौकोन, नऊ पोरं नऊ खिडक्यांवर, बाकीची हातात वहीचं पान घेऊन गोल पळणारी. मलाही एकदा बोलावलं. बाबूचं काम मागितलं तर देईनात, अर्जदार केलं. तीन चकरा मारून धाप लागली तेव्हा खिडकीतल्या तिसरीत शिकणाऱ्या मुलीनं माझा सही केलेला कागद उलटसुलट केला आणि भुवया चढवून विचारलं, "सही कोनाची हाये ही, आजोबा? वाचताच येत नाई. घरून दुसरी आना."