बंगल्याची फुलं

जलपर्णी किती उपयोगी आहे हे कुणी मला समजावू लागलं की माझं डोकं आजही फिरतं. तिचं खत होतं, ती गुरांना घालता येते, देठ वाळवून टोपल्या विणतात. असेल, सगळं खरं असेल. मी हे मुलुंडला आमच्या चाळीच्या अंगणात पन्नासच्या दशकातच ऐकलेलं आहे, आणि ते ऐकता ऐकता एक तळं मरताना पाहिलेलं आहे.

लग्न होऊन गिरगावातून मुलुंडला आले तेव्हा, मुलगी रानात दिली म्हणून आमच्या नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. मला मात्र चाळीमागचं तळं पहिल्याच दिवशी आवडलं. एका काठाला गवळ्याच्या म्हशी डुंबत, दुसऱ्या काठाला धुण्याचे दगड होते. दुपारी ऊन पाण्यात असं उतरे की तळाची वाळू दिसे. सासूबाई रत्नागिरीकडच्या. मामंजींनी मुंबईत बिऱ्हाड करायचं म्हटलं तेव्हा त्यांचा एकच प्रश्न होता म्हणे, माझ्या गौरी कुठून आणू? मामंजींनी आधी हे तळं दाखवलं, मग खोल्या दाखवल्या, तेव्हा बाई तयार झाल्या.

आमच्याकडे खड्यांच्या गौरी. गणपती बसले की गौरीच्या दिवशी पाणवठ्यावर जाऊन सात खडे वेचायचे, ते ताम्हनात ठेवायचे, तिथल्याच पाण्याची चूळ तोंडात धरायची आणि घरी पोचेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. मागे वळून पाहायचं नाही. मी आल्यावर हा मान सासूबाईंनी माझ्याकडे दिला आणि स्वतः घंटा वाजवत माझ्या पुढे चालू लागल्या. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला वर्षातून एकदा गप्प बसवायची ही सोय आहे, असं आमचे हे म्हणत.

तळ्याच्या वाटेवर एक बंगला होता. त्यातले साहेब मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, कलकत्त्याला नोकरी करून आलेले. येताना त्यांनी एक पाणझाड आणलं होतं आणि फाटकाशी सिमेंटच्या हौदात ठेवलं होतं. फुगीर देठ, जांभळी फुलं. दिसायला देखणं, ते नाकारत नाही. जलपर्णी हे नाव आम्हाला फार नंतर कळलं, तेव्हा सगळे बंगल्याची फुलं म्हणत. एका वर्षी साहेबांनी आपल्या गणपतीच्या मखराभोवती ती झाडं मुळांसकट मांडली. सगळी चाळ बघायला गेली. हौदातली उरलेली झाडं साहेबांनी उदार हाताने वाटली, मग घरोघरच्या मखरांतही ती बसली.

विसर्जनाला निर्माल्य तळ्यात गेलं. जाणारच. देवाला वाहिलेलं उकिरड्यावर टाकायची कुणाची छाती आहे? झेंडू कुजतो, दुर्वा कुजतात, तुळस कुजते. हे कुजणारं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी हात जोडून, मंगलमूर्ती मोरया म्हणत त्याला पाण्यात सोडलं.

पुढच्या गणपतीपर्यंत अर्धं तळं हिरवं झालं, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात पाणी म्हणून दिसेना. ऊन आत जाईना. खालचं पाणी काळं पडलं, मासे तोंड वर काढून धापा टाकू लागले आणि मग पांढरी पोटं वर करून पानांत अडकू लागले. त्या वासाने जेवण जाईना. डास तर असे की तिन्हीसांजेला दारं लावून घामात बसायचं. धुण्याच्या दगडाशी पानं बाजूला सारून पाणी शोधावं लागे. पुरुषमाणसं काठावर उभी राहून म्हणत, काय हिरवंगार दिसतंय. त्यांचं काय जातंय, त्यांना धोतर धुतलेलं मिळत होतं.

आम्ही बायकांनी एका दुपारी पदर खोचून ती झाडं उपसली. हात सोलवटले, काठावर ढीग लागला. संध्याकाळी साहेब ढीग पाहायला आले आणि त्यांनी अंगणात व्याख्यानच दिलं. हे फेकू नका, हे सोनं आहे, याचं खत करा, म्हशींना घाला. गवळ्याने म्हशींना घातलं तर म्हशी हगवणीने हैराण झाल्या. खतासाठी ठेवलेला ढीग पावसाने पुन्हा तळ्यात लोटला आणि त्यातल्या प्रत्येक तुकड्याला नवं पान फुटलं. साहेबांना कुणी काही म्हणालं नाही. मोठा माणूस, शिकलेला माणूस! माझा नुसता जळफळाट होई.

मग चाळीतल्या पुरुषांची बैठक झाली. डासांवर उपाय काय, तर तळंच बुजवावं. ही सूचनाही साहेबांचीच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. झाडाला कुणी हात लावायचा नाही, तळ्याचा मात्र गळा दाबायचा. मामंजींनीही अर्जावर सही केली. त्या रात्री सासूबाईंनी मामंजींचं पान मला वाढायला लावलं.

त्या वर्षीच्या गौरी आणायला आम्ही गेलो. खडे सापडायला वेळ लागला. चूळ तोंडात घेतली तर कुजक्या माशांची चव आली, तरी ओठ मिटून चालू लागले. साहेब फाटकाशी उभे होते. हसून म्हणाले, "सूनबाई, गौरीला फुलं नाही घेतलीत? यंदा तळ्यात केवढी आलीत."

मी थांबले आणि चूळ त्यांच्या हौदाशी थुंकले.

"हे तळ्याचं पाणी," मी म्हटलं. "तुमच्या फुलांखालचं. जरा वास घेऊन बघा."

घंटा थांबली होती. साहेबांचा चेहरा पडला, पण मला भीती सासूबाईंची होती. त्यांच्या गौरी हातात घेऊन मी बोलले होते, थुंकले होते. त्यांनी ताम्हन माझ्या हातातून काढून घेतलं, घंटा मला दिली.

"चल गो. पहिल्यापासून आणू," त्या म्हणाल्या. "आता चूळ मी भरते."

परत येताना साहेब तिथेच होते. सासूबाई तोंडात ते घाण पाणी धरून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि साहेबांनी मान खाली घालेपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग घरी आल्या.

तळं वाचलं नाही. उन्हाळ्यात गाड्या आल्या, मुरूम पडला. साहेबांच्या हौदात फुलं होतीच. पुढल्या गौरींना आम्ही चाळीच्या नळाशी गेलो. मुरमातलेच खडे वेचले, नळ सोडून धुतले. मी ताम्हनाला हात पुढे केला तर सासूबाईंनी नको म्हणून मान हलवली आणि चूळ स्वतः भरली. पाणी अगदी स्वच्छ होतं. नळापासून दारापर्यंत त्या रडत होत्या, आणि तोंडात पाणी होतं म्हणून आवाज मात्र करत नव्हत्या.