लुगड्याचा आडोसा
फिनाईलचा वास आला की मला अजूनही एका जागी बसवत नाही. पहिल्या खेपेला सातवा लागला होता आणि सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात मी अशीच उठबस करत होते, कारण सकाळपासून पोटातलं हालणं थांबलं होतं. तपासायचं टेबल उघड्या दारासमोर, त्याला पडदा नाही, आणि बाहेर औषधाच्या रांगेत सगळे पुरुष. माझा नंबर आला तशी मी भिंतीला चिकटले. शेजारी उभी असलेली अनोळखी बाई माझ्यासारखीच पोटुशी होती. तिने थैलीतून धुतलेलं लुगडं काढलं, एक टोक स्वतः धरलं, दुसरं तपासणीला आलेल्या बायांमधल्या एकीच्या हातात दिलं आणि मला म्हणाली, "जाय वं, झोप. आमी आहो ना." त्या आडोशाला झोपल्यावरच नर्सजवळ माझ्या तोंडून निघालं, "बाई, लेकरू हालून नाही राहिलं." नर्सने पोटावर नळी टेकवून कान लावला. तेवढ्यात बाहेर लाखांदूरच्या एसटीचा हॉर्न वाजला. "तुही गाडी निघून राहिली ना वं," दुसरं टोक धरलेली म्हणाली. "जाऊ दे. हिचं लेकरू सापडू दे पहिले," लुगडंवाली म्हणाली. तिचे हात भरून आले असावेत, लुगडं थरथरत होतं, पण खाली आलं नाही. नर्सची नळी सरकत सरकत बेंबीखाली एका जागी थांबली. "आहे," ती म्हणाली. काल त्याच लेकीला सोनोग्राफीला घेऊन गेले; आता तिला सातवा लागलाय. खोलीत मला बसायला खुर्ची होती, जाड हिरवा पडदा होता. तरी ती झोपली तशी मी उठले आणि पडद्याचं टोक धरून उभी राहिले.