हरणी घोडी आणि नवसाचा पाहुणा

टांगेवाल्याच्या घरात किस्से लिदीसारखे साचतात. आज झाडून काढा, उद्या सकाळी पुन्हा ढीग! आता सांगते तेव्हा नातवंडं हसतात, मीही हसते. पण त्या वेळी, मोठ्या दुष्काळाच्या आधी, भादवा सरला की माझ्या जिवाला घोर लागायचा. बाजरी दाण्यात यायची, मग घट, दसरा, दिवाळी. माणसांना सण, आणि आमच्या घोडीला नुसते जीवघेणे आवाज!

* * *

घोडीचं नाव हरणी. आमच्या मालकांनी ती सोनईच्या एका वरातवाल्याकडून आणली. एवढी देखणी घोडी त्यानं स्वस्तात का दिली, ते आमच्या कोल्हारला आणल्यावर कळलं. वरातीत तिच्या पायाशी फटाका फुटला होता.

पहिल्याच आठवड्यात मालक कालव्याच्या रस्त्यानं रिकामा टांगा घेऊन येत होते. शेजारच्या रानात माळ्यावर एक बाई पाखरं राखत होती. तिची गोफण वाजली, फट्ट! हरणी उधळली. टांगा पुढं, मालक बाजरीत! दुसऱ्या अंगाला पडले असते तर कालव्यात. मागल्या साली आमच्या स्टँडवरचा एक टांगा तिथंच पाण्यात गेला होता. घोडं पोहून वर आलं. माणूस आला नाही.

रज्जाकभाई आमच्या शेजारी टांगा लावायचे. म्हणाले, "भाबी, ही घोडी न्हाई, सुतळी बाँब हाय! फकस्त वात कुटं हाय ती दिसंना!"

* * *

मालकांनी युक्ती काढली. हरणीच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे. "आता वाजू द्या काय वाजायचं ते!"

झालं उलटंच. मागून येणारा ट्रक तिला ऐकूच आला नाही. तो एकदम डोळ्यांपुढं आला, तशी ती मागच्या पायांवर उभी! टांग्यातल्या बाया एकमेकींच्या अंगावर, आणि एकीचं गाठोडं रस्त्यात.

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "भेदरट हुतीच, आता बहिरी बी केली!"

* * *

हरणी यायच्या आधी, त्याच साली उन्हाळ्यात मालकांना मुदतीचा ताप आला होता. माणूस हाती लागतो का नाही, असं झालं होतं. तेव्हा आत्याबाईंनी ओढ्याकाठच्या देवीला नवस बोलला, "माझा लेक उठू दी, दसऱ्याला बोकड दीन." लेक उठला. बोकड आणला आणि हरणीशेजारी बांधला.

"त्याला नाव ठिवू नगा गं, जीव लागतो," आत्याबाईंनी बजावलं. दसऱ्यापर्यंतचा पाहुणा, म्हणून आम्ही त्याला पाहुणाच म्हणू लागलो. झालं, तेच नाव पडलं!

एक दिवस गल्लीत हलगी वाजली. आता घोडी दावं तोडणार म्हणून मी दाराआड झाले. डोकावून बघते तर हरणी पाहुण्याच्या पाठीवर तोंड टेकून उभी! तो आपला पाला चघळतोय. हलगी लांब गेली तरी ती तशीच.

दुसऱ्या दिवसापासून पाहुणा टांग्यात. मालकांच्या पायाशी बसायचा. त्याच्या गळ्यातली घंटी वाजली की हरणीचे कान सैल पडायचे.

* * *

माहेरी निघालेली एक मावशी टांग्यात चढता चढता थांबली. "मानसांच्या टांग्यात बोकड कशाला रं?"

मालक म्हणाले, "मावशी, डायवर त्योच हाय. मी नुस्ता लगाम धरतो."

मावशी हसली आणि बसली. उतरताना बघते तर पिशवीतली झेंडूची सगळी फुलं गायब! म्हणाली, "बाबा, तुजं भाडं तुज्या डायवरनं खाल्लं!"

* * *

घट बसले त्या आठवड्यात मी तान्ह्या लेकीला घेऊन टांग्यात होते. एका अंगाला कालवा, काठोकाठ पाणी. एवढे दिवस गप्प असलेला साखर कारखान्याचा भोंगा सीझनच्या आधी चालतो का बघावा म्हणून कोणीतरी वाजवला!

हरणी पुढं पळाली नाही, मागं सरकायला लागली. चाक कडेला गेलं. ढेकळं पाण्यात पडल्याचं मला ऐकू आलं. मी लेकीला छातीशी आवळली, डोळे मिटले.

मालकांनी चाबूक उचलला नाही. वाकून पाहुण्याची घंटी हलवली. तो ओरडला, "बेंऽऽ!"

हरणीनं पाय रोवले. मग एक पाऊल पुढं टाकलं.

घरी येऊन मी आत्याबाईंचे पाय धरले. "पावन्याला देवीला देऊ नका. तो गेला तर ही घोडी ह्यांना कालव्यात घालंल!"

"आन् न्हाई दिला तर देवी ताप माघारी धाडंल! तुजा नवरा हाय, तर माजा लेक न्हाई व्हय?"

घोडी विकावी, तर तिचं नाव सगळ्या बाजारांत झालेलं. एकाच माणसापायी आम्ही दोघी चळाचळा कापत होतो, आणि तो माणूस बाहेर बसून घंटीची दोरी बदलत होता.

* * *

दसऱ्याला देवीपुढं गेलो. आमच्यात रीत अशी, की आधी बोकडाच्या पाठीवर पाणी ओतायचं. त्यानं अंग थरथरवून झाडलं, तर देवीनं तो घेतला. मगच पुढचं.

देवीच्या भगतानं पाणी ओतलं. पाहुणा उभा. पुन्हा ओतलं. पाहुणा पाला चघळतोय. आत्याबाई रडवेल्या झाल्या. "आई, चुकलं माकलं पोटात घाल, पर ह्याला घी!" भगतानं अख्खी कळशी रिकामी केली.

पाहुणा हलला नाही.

लिंबाखाली टांग्याला जुंपलेली हरणी मात्र कानांपासून शेपटीपर्यंत थरथरली. अंग असं झाडलं, की गळ्यातली झेंडूची माळ तुटून खाली पडली. तिच्यावर पाण्याचा थेंब उडाला नव्हता.

मालक पांढरेफटक. भगतानं हातातलं हत्यार खाली ठेवलं, आत्याबाईंकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "आता गं, म्हातारे?"

आत्याबाई उठल्या. पाहुण्याचं दावं सोडून मालकांच्या हातात दिलं. "बशीव ह्याला टांग्यात."

निघताना मालक म्हणाले, "आई, बस की."

"देवीनं घेतलेल्या घोडीवर मी वझं टाकू व्हय?"

आणि वेशीपर्यंत आत्याबाई टांग्यामागं हात जोडून अनवाणी चालत आल्या. त्यांच्या जागेवर पाहुणा बसला होता.