बॅनरखालचा बसस्टॉप

सुलतानपूरच्या स्टॉपवर माझं बॅनर होतं. मेडिकलला नंबर लागला म्हणून बाबांनी हौसेनं लावलेलं. 'गावची शान, भावी डॉक्टर', आणि माझ्याहून मोठे चार पुढाऱ्यांचे फोटो. मी दिवाळीला घरी आले ती पुण्याला परत गेलेच नाही, तरी ते मेलं बॅनर तिथंच दात काढून हसत उभं.

झोप नाही, पुस्तक उघडलं की छातीत धडधड. आईनं दोनदा दृष्ट काढली. शेवटी एका सकाळी बाबा म्हशीला वैरण टाकत होते, तेव्हा मी त्यांच्या पाठीला सांगितलं, "बाबा, मले मरावंसं वाटते." बाबांच्या हातातली पेंढी हातातच राहिली. "उद्या बुलढाण्याले जाऊ," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढून स्टॉपवर उभी राहिले. तरी पानठेलेवाल्या काकांनी ओळखलंच. "काय वं डॉक्टरीणबाई, कुठी चालल्या?"

"कॉलेजच्या कागदाचं काम हाय," बाबा म्हणाले. माझे बाबा खोटं बोलत नाहीत. त्यांचे कान लाल झालेले पाहून मला माझीच किळस आली.

दवाखान्यात मनाच्या डॉक्टरीणबाईंनी मरावंसं वाटतं का, असं सरळ विचारलं आणि मी बाबांसमोर हुंदके देत रडले. गोळ्या दिल्या, पंधरा दिवसांनी बोलावलं. मग त्या बाबांना म्हणाल्या, "हिला एकटं सोडू नका. आणि फवारणीचं औषध घरात अजिबात ठेवू नका." बाबा जमिनीकडे पाहत मान हलवत राहिले.

आमचं फवारणीचं औषध बाजेखालीच असायचं. सगळ्यांच्याच घरी असतं. संध्याकाळी बसमधून उतरल्यावर बाबा थेट पानठेल्यावर गेले. "तुह्या मळ्यातल्या खोलीले कुलूप असते ना? आमचं औषध तिथं ठेव."

"काऊन?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मानेनं नको नको म्हणत होते. "पोरीच्या मनाले तरास हाय," ते म्हणाले. "डॉक्टरनं घरात ठेवू नका म्हटलं."

धरणी दुभंगावी असं वाटलं. ठेल्यावर दोघं-तिघं होते, वर माझं बॅनर. काका चुना लावता लावता थांबले. "बरं, येतो घ्याले," म्हणाले.

आले ते अंधार पडता पडता. चहा नको म्हणाले, बसलेही नाहीत. आईनं औषधाचे डबे पुढे केले तर हात मागे घेतला.

"हे मले नका देऊ, वहिनी. खोलीची चाबी माह्या घरी खुंटीलेच असते. अन् माही लहानी... बारावीले हाय. महिना झाला, धड जेवत नाही." मग बाबांकडे न पाहता, "भाऊ, तो डॉक्टर कोण्या दिवशी बसते?"

दोन्ही घरचं औषध दुसऱ्याच दिवशी कृषी केंद्रात परत गेलं. पंधरा दिवसांनी बुलढाण्याला आम्ही चौघं निघालो. पुढच्या सीटवर दोघे बाप जरा जास्तच मोठ्यानं सोयाबीनबद्दल बोलत होते. मागं मी आणि काकांची लहानी, दोघींचे स्कार्फ डोळ्यांपर्यंत. माझी लाज काही गेली नव्हती, कंडक्टरनं पाहिलं तरी अंग चोरत होते.

मेहकर मागं पडलं. मग ती हळूच म्हणाली, "ताई, तिथं रडलं तं चालते?"

मी स्कार्फ खाली ओढला. "चालते वं. मी तं नाकातून शेंबूड येईस्तोवर रडली."