चमकीवाली खूण

पेठला हायवेच्या कडेला आमच्या सोनबामामांचं गॅरेज आहे. मामांचा माणसांवर विश्वास नाही, पण तो गाड्यांवरही नाही, त्यामुळे कुणी वाईट वाटून घेत नाही. चहा आला की आधी वास घेतात. डब्यावर ‘ओरिजिनल’ लिहिलेलं दिसलं की त्यांचा संशय दुप्पट होतो. आणि गाडी आली की बॉनेटला हात लावायच्या आधी मालकाला म्हणतात, “तोंडानं आवाज काढा.”

लोक लाजतात. मामा ऐकत नाहीत. त्यांचे वडील मेंढरं घेऊन घाटाखाली जायचे, तेव्हा कळपातल्या कुठल्या मेंढीच्या गळ्यातली घंटी तडकलीय हे लहानगे मामा डोळे मिटून सांगायचे. पुढं मेंढरं गेली, कान राहिला.

दिवाळीनंतर महिन्याभरानं येडगावचे भगवंतराव आणि साळुबाई आले. गाडी साळुबाईंची, ऑटोमॅटिक. त्यांच्या डाव्या पायात ताकद नाही, क्लच दाबता येत नाही. ही गाडी आल्यापासून त्या दर गुरुवारी एकट्या डिंभ्याला आईकडं, कोंडाबाईंकडं जायच्या. त्याआधी एसटीची वाट बघायची, नाहीतर नवऱ्याची; दोन्हींचा नेम नव्हता. आता गाडी वाजायला लागली होती. एका वर्कशॉपनं इंजिन गेलं म्हणून सांगितलं होतं आणि भगवंतरावांनी सोमवारी ती विकून टाकायचं ठरवलं होतं. ‘एकदा पेठला दाखवू’ म्हणून साळुबाई अडून बसल्या होत्या.

भगवंतरावांनी प्लास्टिकची खुर्ची ओढत पार बंपरला चिकटवली.

“मिस्त्री, मी हितंच बसतो. माझा काय संशय न्हाई, पण बसतो.”

“बसा की. माझा तुमच्यावर हाये,” मामा म्हणाले. “आवाज काढा.”

“खाडखाड. इंजान गेल्यालं.”

“आवाज इचारला, निकाल न्हाई.”

मग साळुबाईंनी मान खाली घातली आणि जीभ टाळूला लावली. “टक्. टक्टक्. टक्. ब्रेक दाबून ‘डी’मधी टाकली का दबतोय. न्यूट्रलला पुन्यांदा बोलाया लागतोय.”

मामांनी पहिल्यांदाच कुणाकडं तरी आदरानं पाहिलं. “ताई, तुमी गॅरेज काढा.”

गाडी चालू केली. मामा एकेका सिलेंडरच्या प्लगची वायर काढून पुन्हा लावत गेले. इंजिनातलं बेअरिंग गेलं असेल तर त्या सिलेंडरचा जोर काढला की आवाज बदलतो. चारही झाले, टकटक तीच. मग लोखंडी कांब कानाला लावून ते मागं सरकत गेले, आणि इंजिन जिथं गिअरबॉक्सला जोडलेलं असतं तिथं थांबले. चेहरा असा, जणू देवळाबाहेर चप्पल सापडत नाहीय.

“फुटकी घंटी,” ते म्हणाले.

“म्हंजी?”

“हितं मधी एक पातळ पोलादी ताट असतं, फ्लेक्सप्लेट. त्याला एक गोल डबा बोल्टांनी बांधल्याला असतो, टॉर्क कन्व्हर्टर. क्लचचं काम त्यो करतो. आता ताट तडकलंय, न्हाईतर बोल्ट ढिलं हायेत. गिअरबॉक्स कवा उतरवला व्हता?”

“न्हाई बा,” भगवंतराव म्हणाले.

“दिवाळीआधी तेल गळत व्हतं की,” साळुबाई म्हणाल्या. “तुमीच नेली व्हती.”

“हां, ते सीलचं. ते काय उतरवणं न्हाई.”

“मंग सील काय फुंकून बसवलं?” मामांनी विचारलं.

गाडी वर चढवली. खालचं छोटं झाकण काढून मामांनी बॅटरी मारली. बोल्टावर लाल ठिपका. इंजिन हातानं फिरवून दुसरा बोल्ट समोर आणला, त्यावरही ठिपका. आमच्याकडं बोल्टावर रंगाचा ठिपका म्हणजे शेवटचा पाना मारून झाला, आता हात लावू नका.

भगवंतराव खुलले. “बघा. पक्कं काम हाये. मी सोता उभा व्हतो.”

मामांनी बोल्टाला नुसती बोटं लावली. तो लोणच्याच्या बरणीच्या झाकणासारखा फिरला. दुसराही फिरला.

“बोल्ट खोटं बोलत न्हाई. खूण खोटी हाये.” नखानं ठिपका खरवडून त्यांनी उन्हात धरला. “ह्यात चमकी हाये, पावणं. आमच्या धंद्यात चमकी नसती.”

साळुबाई काठी टेकत आल्या, मामांच्या नखाकडं वाकून बघितलं.

“अहो.”

“काय?”

“आपल्या संस्कृतीच्या लग्नातली माझी नेलपॉलिश हाये ही. मी कवाधरनं हुडकतेय. भांडी घासणाऱ्या हिराला, तिनंच चोरली म्हणून लई बोलले मी.”

भगवंतराव खुर्चीला सांगावं तसं बोलायला लागले. “त्यांनी मागनं नवं बोल्ट काढून जुनं बसवू नयेत म्हणून खूण केली. त्यो मिस्त्री हातानंच एकेक लावत व्हता, समोर आला का मी ठिपका दिला. मंग त्यो जेवाया गेला. दुसरा आला, बॅटरी मारली, ठिपकं बघून म्हणला, हे आवळून झालंय का? मी म्हणलो, व्हय.”

“काय झालं व्हतं?” मामांनी विचारलं.

“माझी खूण झाली व्हती.”

गिअरबॉक्स उतरवला. ढिल्या बोल्टांनी ताटाची भोकं लांबट केली होती, आणि एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत केसासारखा तडा गेला होता. इंजिनाला काही झालं नव्हतं. सोमवार टळला.

पुण्याहून नवी प्लेट आणि नवे बोल्ट आले. मामांनी कन्व्हर्टरचे आटे तपासले, तो फिरवत फिरवत गिअरबॉक्समध्ये पूर्ण आत बसेपर्यंत ढकलला, वर पट्टी लावून मोजला, पुन्हा मोजला. मग गिअरबॉक्स चढवून एकेक बोल्ट पान्यानं ‘कट्ट’ वाजेपर्यंत आवळला आणि पिवळा ठिपका दिला. मध्येच म्हणाले, “पावणं, खिशातला हात भायेर काढा.”

गुरुवारी गाडी चालू केली. डी, न्यूट्रल, रिव्हर्स. काही नाही. मामांना त्या शांततेचाही संशय आला, म्हणून तीनदा करायला लावलं.

“ताई, आता आवाज काढा.”

साळुबाईंनी तोंड उघडलं, मिटलं. “न्हाई येत.”

त्यांनी नवऱ्यापुढं हात पसरला. भगवंतरावांनी खिशातून नेलपॉलिशची बाटली काढून दिली. “डिंभ्यास्नं येताना हिराच्या घरी जाती,” त्या म्हणाल्या. भगवंतराव पलीकडच्या दाराकडं निघाले.

“तुमी कुठं?” स्टीअरिंगवर बसत साळुबाई म्हणाल्या. “हितंच बसा. लक्ष ठेवा.”

गाडी मंचरकडं गेली. भगवंतराव खुर्चीवर येऊन बसले. मामांनी पिवळ्या रंगाचा डबा उचलला आणि त्यांच्यापासून लांब ठेवला.